नाक चोंदण्याचा हंगाम : काय करावे, काय टाळावे

जमाखर्चाच्या पानांपूर्वी वाचकांच्या उपयोगाचा एखादा आरोग्यविषयक लेख द्यावा, असा आपल्या अहवालाचा शिरस्ता आहे. हृदयविकार, मधुमेह, मोतीबिंदू अशा भारदस्त विषयांच्या मानाने ‘चोंदलेले नाक’ हा विषय आमच्या देणगीदारांना व विश्वस्तांना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. रोगांचे ऋतुमान आम्हांस कळते ते औषध भांडाराच्या साठावहीतून. पावसाळा सरून नवरात्र जवळ आले, की या वहीत तीन वस्तूंची मागणी वाढू लागते. नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब, सर्दीच्या मिश्र गोळ्या आणि अँटिबायोटिक औषधे. या तिन्हींवर सामान्य कुटुंबाचा बराच पैसा खर्च होतो आणि ज्या कारणासाठी तो होतो ते कारण बहुतेकांच्या बाबतीत जागच्या जागी राहते. ज्या दोन उपायांनी ते खरोखर हटते, त्यांपैकी एक जवळजवळ फुकट आहे आणि दुसरा अर्धवट वापरून टाकून दिला जातो. हा हिशेब वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू. यातील वैद्यकीय मजकूर आमच्या कान-नाक-घसा विभागातील डॉक्टरांनी वाचून दुरुस्त करून दिलेला आहे.

‘मला सायनस आहे’

बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढताना तक्रार विचारली, तर पुष्कळ जण ‘सायनस आहे’ असे सांगतात. वास्तविक सायनस सर्वांनाच असतात. चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांतील हवेने भरलेल्या पोकळ्यांना हे नाव आहे. त्यांच्या चार जोड्या असतात. गालांच्या हाडांत एक, भुवयांच्या वर कपाळात एक, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध बारीक कप्प्यांची एक, आणि चौथी खोल, नाकाच्या पाठीमागे. या सर्वांना आतून पातळ अस्तर असते. त्यातून सतत पातळ स्राव पाझरतो आणि लहानशा छिद्रांवाटे तो नाकात उतरतो.

गालातील पोकळीची रचना मोठी चमत्कारिक आहे. तिचे छिद्र तळाशी नसून वरच्या बाजूला आहे; पाण्याच्या टाकीला तोटी खाली बसवण्याऐवजी झाकणाशी बसवावी, तसे. त्यामुळे हा स्राव आपोआप वाहून जात नाही. अस्तरावरील डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म केस एका लयीत हलून त्याला वर ढकलतात आणि छिद्राबाहेर काढतात. छिद्राभोवतीचे अस्तर सुजले, की वाट बंद होते, स्राव आत साचतो, गाल व कपाळ जड होते, वाकल्यावर ठणका लागतो. याला ‘सायनस’ नव्हे, ‘सायनसचा दाह’ म्हणावयाचे. शब्दाचा हा काथ्याकूट नाही. दोष पोकळीत नसून वाटेच्या सुजेत आहे हे ध्यानात आले, की उपचार कोठे करावयाचा तेही ध्यानात येते.

आणखी एक समजूत येथेच दूर केलेली बरी. नाक चोंदते ते केवळ शेंबडाने भरल्यामुळे, असे आपण समजतो आणि जोरजोराने शिंकरत राहतो. प्रत्यक्षात नाकाच्या बाजूच्या भिंतींवर मांसल घड्या असतात. त्यांतील रक्तवाहिन्या फुगल्या, की त्या घड्याच वाट अडवतात. म्हणूनच नाक कोरडे असूनही बंद असू शकते, आणि आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्ताचा भार वाढून ते अधिकच बंद होते. अशा वेळी डोक्याखाली एक उशी जास्त घेणे हा साधा उपाय बिनखर्चाचा आहे. निरोगी माणसाच्याही दोन नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आळीपाळीने कमी-अधिक उघड्या असतात. त्यात रोग काही नाही.

हंगाम कशाचा ?

विलायतेत या विकाराला ‘गवताचा ताप’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. जॉन बोस्टॉक या डॉक्टरने १८१९ साली लंडनमध्ये स्वतःच्याच अशा दुखण्याचे वर्णन वैद्यकीय सभेपुढे वाचले. ते उन्हाळ्यातील दुखणे होते. आपल्याकडील वेळापत्रक निराळे आहे. येथे पहिला जोर पाऊस ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनापासून दिवाळीपर्यंत असतो. तेव्हा गवते फुललेली असतात. दुसरा माघ-फाल्गुनात, झाडांच्या मोहोराच्या वेळी. वावळ हे झाड या दिवसांत निष्पर्ण अवस्थेत फुलते आणि त्याचे पराग वाऱ्यावर दूरवर जातात. वेडी बाभूळही या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. गुलमोहर किंवा झेंडू डोळ्यांत भरतात म्हणून त्यांना बोल लावला जातो, पण ज्या फुलांकडे कीटक येतात त्यांचे पराग जड व चिकट असतात. ते सहसा हवेत फारसे फिरत नाहीत. त्रास देतात ती मुख्यतः नजरेत न भरणारी फुले.

गाजर गवताचा उल्लेख अटळ आहे. काँग्रेस गवत या नावाने ओळखली जाणारी ही परदेशी वनस्पती पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेस आली आणि पुढे देशभर पसरली. तिच्यामुळे कातडीला खाज व पुरळ येते हे शेतकऱ्यांना ठाऊक असते. तिचे पराग नाकालाही तितकेच बाधतात. घराभोवतीचे हे गवत उपटावयाचे तर ते फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून व नाकातोंडाला फडके बांधून उपटावे. नाकाच्या त्रासाच्या माणसाने ते काम दुसऱ्यावर सोपवणेच बरे.

आश्विनात सोयाबीनची मळणी सुरू झाली, की मराठवाड्यात व विदर्भात खळ्यावरून येणारी धूळ घरोघर शिरते. ही नुसती माती नव्हे. स्पेनमधील बार्सेलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात एकाएकी एकाच दिवशी दम्याचे अनेक रुग्ण रुग्णालयात येत आणि कारण सापडत नसे. अखेर शोध लागला, की ज्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवले जाई त्याच दिवशी हे घडे. कोठारांना धूळ अडवणाऱ्या गाळण्या बसवल्यावर ते प्रकार थांबले. मळणी यंत्रावर उभा राहणारा आपला शेतकरी बांधव त्या धुळीच्या किती तरी अधिक जवळ असतो. तोंडानाकाला नीट बसणारा मास्क, वाऱ्याच्या दिशेने धूळ अंगावर येणार नाही अशी उभे राहण्याची जागा, आणि घरी आल्यावर जेवणाआधी आंघोळ व कपड्यांची बदली, एवढे केले तरी रात्रीची झोप बरीच सुधारते.

घरातील शत्रू दिवाळीच्या साफसफाईत उघड्यावर येतात. जुन्या गाद्या, गोधड्या, उशा यांत धुळीतील अतिसूक्ष्म किडे वाढतात. त्यांना आपल्या कातडीचा झडलेला कोंडा पुरतो आणि पावसाळ्याची दमट हवा मानवते. घरातील धुळीच्या वावड्याचे मुख्य कारण हे किडेच आहेत, हे हॉलंडमधील संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिले. पावसाने ओल आलेल्या भिंतीवरील बुरशी आणि झुरळांची विष्ठा ही त्यांची भावंडे. ज्याच्या नाकाला त्रास आहे त्याने माळा काढण्याचे काम अंगावर घेऊ नये. घेतलेच तर मास्क बांधून. झाडूने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे. चादरी व उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा हाताला सोसवणार नाही इतक्या गरम पाण्यात धुवावेत. साठ अंशांच्या पाण्यात हे किडे मरतात, गार पाण्यात ते नुसते न्हाऊन निघतात. गादीला ऊन देण्याची आजीची पद्धत ओल घालवते म्हणून चांगलीच. मात्र गादी झटकावयाची ती रुग्णाने नव्हे. उदबत्ती, डासांची कॉइल, चुलीचा व फटाक्यांचा धूर हे वावड्याचे मूळ कारण नसले, तरी आधीच सुजलेल्या अस्तराला ते चेतवतात. देवापुढे उदबत्ती लावू नये असे आम्ही म्हणत नाही. एक पुरते, आणि खिडकी उघडी असावी.

थेंबांचे कर्ज

आता साठावहीतील पहिल्या वस्तूकडे वळू. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन या द्रव्यांचे थेंब नाकात टाकले, की फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि काही मिनिटांत नाक मोकळे होते. रुग्णाला वाटते, रामबाण सापडला. हा आराम आठ-दहा तास टिकतो. पण थेंबांचा अंमल उतरताच रक्तवाहिन्या पुन्हा फुगतात, आणि दिवसांमागून दिवस थेंब चालू राहिले तर पूर्वीपेक्षा अधिक फुगू लागतात. मग आठ तासांचे सहा होतात, सहाचे चार. अखेरीस हंगाम संपतो, पराग संपतात, तरी नाक बंदच. कारण आता ते वावड्याने नव्हे, थेंबांनीच बंद झालेले असते. उशाखाली बाटली ठेवल्याशिवाय ज्यांना झोप लागत नाही असे रुग्ण आमच्या डॉक्टरांना नित्य भेटतात. त्यांतील काही वर्षानुवर्षे ती वापरीत असतात आणि मूळ सर्दी कधीची होती ते त्यांनाही आठवत नसते.

आमच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे सावकारी कर्ज आहे. रक्कम चटकन हातात पडते, व्याज मात्र मुद्दल खाऊन उरते. तीव्र सर्दीत तीन दिवस, फार तर पाच दिवस, यापुढे हे थेंब वापरू नयेत. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा लघवीचा अडथळा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून मुळीच घेऊ नयेत. मुलांसाठी निराळ्या कमी शक्तीची बाटली असते. मोठ्यांची बाटली मुलांच्या नाकात घालणे धोक्याचे आहे, आणि तान्ह्या बाळाला तर हे थेंब डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज देऊच नयेत.

ज्यांना ही सवय जडली आहे त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. ती सुटते. एका वेळी एकच नाकपुडी सोडवण्याची युक्ती आमचे डॉक्टर सांगतात. डाव्या बाजूचे थेंब बंद करून तेथे खाली सांगितलेला औषधी फवारा सुरू करावयाचा, उजवीकडून श्वास चालू ठेवावयाचा; डावी बाजू उघडली, की उजवीची पाळी. आठ-पंधरा दिवस कष्टाचे जातात. त्या दिवसांत घरच्यांनी ‘घाल बाबा दोन थेंब एकदाचे’ म्हणू नये, एवढे सहकार्य हवे.

मिठाचे पाणी

मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे हा उपाय स्वस्त आहे म्हणून हलका समजला जातो. नाकात अडकलेले पराग व धूळ तो प्रत्यक्ष बाहेर काढतो, घट्ट स्राव पातळ करतो आणि सूक्ष्म केसांचे काम सोपे करतो. योगाभ्यासातील जलनेती ती हीच. लोणावळ्याच्या कैवल्यधामासारख्या संस्थांमुळे ती महाराष्ट्रात पुष्कळांना परिचित आहे. प्रश्न फक्त ती कोणत्या पाण्याने करावयाची, एवढाच आहे, आणि त्यावर आम्ही मुद्दाम थोडे अधिक लिहीत आहोत.

नळाचे, विहिरीचे, बोअरचे किंवा फिल्टरचे पाणी सरळ नाकात घालू नये. गोड्या, कोमट पाण्यात एक अमीबा राहतो. तो पोटात गेला तर काही होत नाही. नाकावाटे गेला तर वासाच्या चेतातंतूंवरून मेंदूपर्यंत पोहोचतो आणि त्यातून होणारा मेंदूदाह बहुधा प्राणघातक ठरतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा असा मृत्यू झाला. केरळात २०२४ व २०२५ या वर्षांत या रोगाचे रुग्ण आढळले, तेव्हा तलावातील स्नानाबद्दल सर्वांना सावध करण्यात आले होते. हा रोग अत्यंत विरळा आहे. पण त्यापासून वाचण्याचा खर्च पाणी उकळण्याच्या इंधनाइतकाच आहे. खळखळून उकळी फुटल्यावर पाणी निदान एक मिनिट, हवे तर तीन मिनिटे उकळू द्यावे, झाकून कोमट करावे आणि त्याच दिवशी वापरावे.

प्रमाण असे. अर्ध्या लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ कमी पडले तर पाणी नाकात झोंबते, जास्त झाले तर जळजळते. बरोबर पडले तर अश्रूंसारखे सौम्य लागते. घरातील बारीक आयोडीनयुक्त मिठाने काहींना किंचित चुरचुरते. त्यांनी औषध दुकानातील तयार पुडी घ्यावी. बेसिनवर पुढे वाकून मान एका बाजूस कलती करावी, तोंडाने श्वास घेत राहावे आणि वरच्या नाकपुडीत झारीने हळूहळू पाणी सोडावे; ते खालच्या नाकपुडीतून बाहेर पडते. अर्धा पेला एका बाजूने, अर्धा दुसऱ्या. नंतर हलकेच शिंकरावे, दोन्ही नाकपुड्या दाबून जोर लावू नये, नाहीतर पाणी कानाकडे जाते. झारी धुऊन, कोरडी करून ठेवावी आणि प्रत्येकाची निराळी असावी. दिवसातून एकदा, त्रास अधिक असल्यास दोनदा पुरे. नाक पूर्ण बंद असताना, कान दुखत असताना किंवा नाकाचे नुकतेच ऑपरेशन झाले असताना डॉक्टरांना विचारावे.

फवारा आणि त्याविषयीची भीती

ज्याचे नाक हंगामभर चोंदते त्याच्यासाठी आज सर्वांत गुणकारी समजले जाणारे औषध म्हणजे नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड ही त्यातील प्रचलित द्रव्ये. तो रक्तवाहिन्या आवळून धरीत नाही, अस्तराची सूजच उतरवतो. म्हणूनच तो लगेच जाणवत नाही. काही दिवसांनी गुण दिसू लागतो आणि पूर्ण परिणामास दोन आठवडेही लागतात. नेमके येथे घोडे अडते. रुग्ण दोन दिवस फवारा मारतो, ‘काही फरक नाही’ म्हणून कपाटात ठेवतो आणि पुन्हा थेंबांची बाटली आणतो. महागाची वस्तू वाया, आणि स्वस्त वस्तूचे व्याज सुरू.

‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकूनच काही पालक घाबरतात. थोडे अंकगणित करू. सर्वसाधारण फवाऱ्यात एका वेळी ५० मायक्रोग्रॅम औषध असते. प्रत्येक नाकपुडीत दोन, म्हणजे दिवसाला २०० मायक्रोग्रॅम. प्रेडनिसोलोनची १० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, फवाऱ्याच्या पन्नासपट. दोन्ही द्रव्यांची शक्ती सारखी नाही, त्यामुळे ही तुलना ढोबळच समजावी. पण फवाऱ्यातील औषध नाकातच काम करते आणि आजच्या फवाऱ्यांतून रक्तात फारच अल्प भाग उतरतो, हे खरे. मुलांना दीर्घकाळ द्यावयाचा झाल्यास कमीत कमी मात्रा ठेवून डॉक्टर त्यांच्या उंचीवर लक्ष ठेवतात. याउलट, ‘हंगामाचे एक इंजेक्शन’ म्हणून काही ठिकाणी जे दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइड टोचले जाते त्यापासून दूर राहावे. त्याने शरीरभर परिणाम होतात. मधुमेही माणसाची साखर तर आठवडेच्या आठवडे बिघडते.

फवारा मारण्याची रीत चुकली, तर औषध घशात तरी जाते किंवा नाकाच्या मधल्या पडद्यावर बसून रक्त तरी येते. मान किंचित खाली ठेवावी. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारावे, म्हणजे बाटलीचे तोंड आपोआप डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळते. जोराने हुंगू नये. मिठाच्या पाण्याने नाक धुतले असेल तर दहा-पंधरा मिनिटांनी फवारा घ्यावा. आधी फवारा आणि मग पाणी, असे केल्यास औषध बेसिनमध्ये जाते. १२० फवाऱ्यांची बाटली दिवसाला चार या हिशेबाने महिनाभर पुरते. त्रास आटोक्यात आल्यावर डॉक्टर मात्रा निम्मी करतात, तेव्हा ती दोन महिने जाते. दरवर्षी ठरावीक महिन्यात त्रास होणाऱ्याने तो महिना उजाडण्याच्या एक-दोन आठवडे आधीच सुरुवात केली, तर अधिक गुण येतो.

गोळ्यांविषयी थोडक्यात. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या वावड्याच्या गोळ्या शिंका, खाज व पाणी गळणे थांबवतात. चोंदलेपणावर त्यांचा उपयोग बेताचा. क्लोरफेनिरामिनची जुनी गोळी झोप आणते. ती घेऊन वाहन किंवा मळणी यंत्र चालवू नये. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत नाक मोकळे करण्यासाठी फिनाइलेफ्रिन असते. तोंडावाटे घेतलेल्या या द्रव्याचा चोंदलेल्या नाकावर उपयोग होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला. आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन व फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्यास सांगितले. घरातील सर्दीच्या बाटलीवरची बारीक अक्षरे एकदा वाचून पाहावीत.

वाफेबद्दल आमचे मत काहींना रुचणार नाही. वाफ घेतल्याने घटकाभर बरे वाटते, यात शंका नाही; परंतु सायनसच्या जुनाट त्रासावर तिचा लाभ दिसला नाही, असे इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आढळले. त्याच चाचणीत मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना थोडाफार लाभ झाला. दुसरीकडे, उकळत्या पाण्याचे पातेले कलंडून मुले भाजण्याचे प्रकार मात्र खरे आहेत. २०२० व २०२१ च्या कोरोना साथीत वाफेचे वेड वाढले तेव्हा ते ठळकपणे पुढे आले. मोठ्यांनी सुखासाठी वाफ घ्यावी. लहान मुलांना पातेल्यावर बसवू नये. बाममधील मेंथॉलने नाक उघडल्याचा भास होतो, वाट तेवढीच राहते. कापूर असलेला बाम लहान मुलांच्या नाकात किंवा नाकाखाली मुळीच लावू नये. कापूर पोटात गेल्यास मुलांना झटके येतात.

अँटिबायोटिक केव्हा, डॉक्टरांकडे केव्हा ?

वावड्याच्या सुजेवर अँटिबायोटिकचा काहीही परिणाम होत नाही. विषाणूंच्या साध्या सर्दीवरही नाही. स्राव पिवळा-हिरवा झाला म्हणजे जंतू झाले, ही समजूत फार पसरलेली आहे. रंग केवळ शरीरातील पांढऱ्या पेशींमुळेही येतो. सर्दी दहा दिवसांत मुळीच कमी झाली नाही, बरी होत आली असता पुन्हा उलटली, किंवा आरंभीच तीन-चार दिवस १०२ च्या वर ताप, घट्ट पूसारखा स्राव आणि चेहऱ्यात तीव्र वेदना असल्या, तर जीवाणूंचा संसर्ग संभवतो आणि तेव्हा औषध ठरवणे डॉक्टरांचे काम. साध्या त्रासात प्रत्येक वेळी सायनसचा एक्स-रे काढण्याची गरज नसते. हे रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने लिहावे याचे काही विश्वस्तांना नवल वाटेल. पण न लागणाऱ्या तपासणीचे उत्पन्न धर्मादाय संस्थेच्या जमेत शोभत नाही.

नाक मोकळे, स्राव नाही, तरी कपाळ वारंवार ठणकते, उजेड सहन होत नाही, मळमळते. अशा कित्येकांची ‘सायनसची डोकेदुखी’ वास्तविक अर्धशिशी असते आणि तिचे उपचार निराळे आहेत. मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त पाणी येत असेल तर आत हरभरा, मणी किंवा खेळण्यातील बटणासारखी बॅटरी अडकलेली नाही ना, हे पाहावे. बॅटरी काही तासांत आतून भाजते, तेव्हा सकाळची वाट पाहू नये. मोठ्या माणसाला एकाच बाजूने दुर्गंधी येत असल्यास वरच्या दाढेचे मूळ तपासून घ्यावे, आणि एकाच बाजूने वारंवार रक्त येत असल्यास नाक आतून पाहून घ्यावेच.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, नजर अंधुक होणे, मान ताठणे, तापात गुंगी, ही लक्षणे दिसली तर रात्र असली तरी अपघात विभागात यावे. डोळा आणि सायनस यांच्यामधील हाड काही ठिकाणी कागदासारखे पातळ असते. मुलांत संसर्ग तेथून लवकर पसरतो. मधुमेही रुग्णांनी विशेष जपावे. २०२१ सालच्या काळ्या बुरशीच्या आठवणी महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत ताज्या आहेत; साखर वाढलेली आणि स्टेरॉइड मोठ्या मात्रेत दिलेले, अशा रुग्णांनाच त्या रोगाने मुख्यत्वे गाठले होते. गालाला बधिरपणा, टाळूवर किंवा नाकात काळी खपली, वरचे दात हलू लागणे, यांतले काहीही दिसले तर त्याला ‘सर्दी’ म्हणून घरी बसू नये.

शेवटी दम्याविषयी. नाक आणि फुप्फुसे ही एकाच श्वासमार्गाची दोन टोके आहेत. दम्याच्या बहुसंख्य रुग्णांना नाकाचाही त्रास असतो, आणि नाक सांभाळले तर दमा सांभाळणे सुकर होते. २००१ पासून जागतिक पातळीवरील मार्गदर्शक सूचनांत या दोहोंचा विचार एकत्र केला जातो. नाकाच्या वावड्याबरोबर रात्री खोकला, छातीत घरघर किंवा जिना चढताना धाप असेल, तर कान-नाक-घसा विभागात येताना हे आवर्जून सांगावे.

तपासणीस येताना घरात वापरात असलेली सर्व औषधे, थेंबांची बाटली, फवारा, बाम, मेडिकलमधून घेतलेल्या सुट्या गोळ्या, एका पिशवीत घालून आणावीत. जुना एक्स-रे किंवा सी. टी. स्कॅन असल्यास तोही आणावा, म्हणजे नवा काढावा लागणार नाही. त्रास कोणत्या महिन्यात सुरू होतो आणि कोणत्या कामानंतर वाढतो, हे कागदावर लिहून आणल्यास डॉक्टरांना फार मदत होते. फवारा मारण्याची आणि नाक धुण्याची रीत बाह्यरुग्ण विभागातील परिचारिका प्रत्यक्ष करून दाखवतात. त्यासाठी वेगळे शुल्क नाही.